दवाखान्यातल्या रोबोटवर रुग्ण विश्वास ठेवतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात तुमचं डोळ्यांचं रुग्णालय आहे आणि ओपीडीत मराठी बोलणारा, चालता-फिरता रोबोट आणायचा विचार आहे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडून येणारे वयस्कर रुग्ण त्याच्यावर विश्वास ठेवतील का? माणसासारखा दिसणारा घेतला तर विश्वास लवकर बसेल का?

विश्वास बसेल. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार लवकर बसेल, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. असे रोबोट लोकांत बसवणं आणि त्यांनी काय बोलायचं ते ठरवणं हे माझं काम आहे. शोरूम असो, शाळा असो की रुग्णालय, मालकाला एकच धास्ती असते की लोक बिचकतील. लोक बिचकतात ते सुरुवातीची काही मिनिटं. मग एखादं पोर पुढं होतं, रोबोट त्याला नमस्कार करतो, सगळे हसतात आणि भीती संपते. त्यानंतर त्या यंत्राला जे येत नाही तेही येतं असं लोक धरून चालतात. तेव्हा विश्वास कसा मिळवायचा याची चिंता सोडा. मिळालेला विश्वास रोबोटच्या खऱ्या कुवतीएवढाच कसा राहील, यावर तुमचा वेळ आणि पैसा लावा.

माणसाचं मन या बाबतीत फारसा पुरावा मागत नाही. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. पडद्यावर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आत-बाहेर सरकत होते, बाकी काही नाही. बघणाऱ्यांनी मात्र त्यात भांडण, दांडगाई, पाठलाग असं सगळं नाट्य बघितलं. पुढं १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक प्रोग्रॅम लोकांसमोर मांडला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला यायचं. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने त्यांना तो महिनोन् महिने तयार करताना पाहिलं होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आत काय आहे हे माहीत असलेल्या बाईची ही गत, तर पहाटेच्या एसटीने निघून तुमच्याकडे पोचलेल्या आजोबांनी त्या यंत्राला जाणता माणूस समजलं तर नवल काय?

विश्वासाबद्दल लोक तोंडाने जे सांगतात आणि हातापायांनी जे करतात, त्यात बराच फरक असतो. रोबोट विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. घरात मदत करणारा रोबोट काही लोकांसमोर नीट वागला, काहींसमोर मुद्दाम चुकत राहिला. चुकणाऱ्या रोबोटला लोकांनी कमी भरवशाचा ठरवलं, हे अपेक्षितच होतं. पण त्यानंतर रोबोटने विचित्र कामं सांगितली: न उघडलेली पत्रं कचऱ्यात टाका, कुंडीतल्या झाडाला संत्र्याचा रस घाला. रोबोट चुकणारा आहे हे डोळ्यांनी बघूनही बऱ्याच जणांनी ती केली. म्हणजे ‘तुम्हाला यावर विश्वास वाटतो का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस त्याच यंत्राचं ऐकून चालायला लागतो.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेचा, २०१६ चा. एक रोबोट लोकांना खोलीपर्यंत घेऊन गेला. काहींना त्याने आधी चुकीच्या खोलीत नेलं, तिथंच गोल गोल फिरवलं. थोड्या वेळाने मार्गिकेत धूर सोडला आणि आगीची घंटा वाजवली. ज्या दारातून लोक आत आले होते ते त्यांना माहीत होतं, बाहेर पडायच्या पाट्याही होत्या. रोबोट मात्र दुसरीकडे बोट दाखवत होता, आणि लोक त्याच्याच मागे गेले. त्या रोबोटवर तो संकटकाळातला मार्गदर्शक असल्याचं लिहिलेलं होतं. त्या पाटीचा वाटा मला मोठा वाटतो. म्हणून तुमच्या रोबोटच्या छातीवर काय लिहायचं याचा निर्णय विक्रेत्यावर सोडू नका. ‘आरोग्य सहायक’ लिहिलंत की लोक त्याला औषधाचं विचारणार. ‘खोली दाखवतो, नंबर सांगतो’ असं लिहिलंत तर तेवढंच विचारणारे बरेच निघतील.

आता तुमच्या ओपीडीकडे येतो, कारण डोळ्यांचा दवाखाना ही रोबोटसाठी फार वेगळी जागा आहे आणि विक्रेते तिचा विचार करत नाहीत. बहुतेक रोबोटच्या छातीवर स्पर्शाने चालणारा पडदा असतो आणि बरंचसं काम त्यावर ढकललेलं असतं. तुमचे निम्मे रुग्ण तर बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालून बाकावर बसलेले असतात. त्यांना जवळचं धूसर दिसतं, काही तास तसंच दिसणार असतं आणि उजेड सहन होत नाही. त्यांना पडद्यावरची अक्षरं वाचता येणार नाहीत, आणि रोबोटच्या डोळ्यांतले लखलखणारे दिवे तर त्रासच देतील. दिवे मंद करून घ्या, जमलं तर बंदच करा. हा रोबोट जवळजवळ पूर्णपणे आवाजावर चालला पाहिजे.

माणसासारखा चेहरा नको, या माझ्या मताचंही कारण यातच आहे. जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे: यंत्र माणसासारखं दिसत जाईल तसं आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ पोचून थोडक्यात चुकलं की अंगावर काटा येतो. हे सगळीकडे लागू पडतं. तुमच्याकडे त्याहून मोठी अडचण आहे. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला माणसाच्या उंचीचा, डोकं-खांदे असलेला आकार दिसला की तिथं सिस्टर उभी आहे असंच वाटणार. त्याची नजर अधू आहे म्हणून आपण त्याला फसवल्यासारखं होईल. ‘पेपर’ हा जगभर गाजलेला रोबोट जेमतेम १२० सेंटिमीटर उंच आहे आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचा आहे. तो माणूस वाटत नाही, आणि बाकावर बसलेल्या माणसाला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागत नाही. तेवढी उंची पुरे. शिवाय प्रत्येक नव्या माणसाशी बोलताना त्याचं पहिलं वाक्य ‘मी यंत्र आहे’ हेच असू द्या.

विश्वास नेमका बसतो कशावर? आपल्याकडे बायाबापड्या रोबोटपुढं उभ्या राहिल्या की हमखास विचारतात, ‘‘कुणाचा रं तू?’’ विक्रेत्याने भरून दिलेल्या संभाषणात याला उत्तर नसतं. मग तो कंपनीचं नाव सांगतो किंवा ‘मला समजलं नाही’ म्हणतो. खरं तर आजीने त्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलेला असतो. तू चुकलास तर मी कुणाकडे जाऊ, हे त्यांना हवं असतं. ‘‘मी या दवाखान्याचा. डॉक्टरांनी मला इथं खोल्या दाखवायला ठेवलंय. माझं काही चुकलं तर त्या खिडकीतल्या ताईंना सांगा,’’ असं उत्तर त्याच्या तोंडी घाला. रोबोटवरचा विश्वास हा बऱ्याच अंशी तुमच्या डॉक्टरांवरचा, वर्षानुवर्षं ओळखीच्या झालेल्या मावशींवरचा विश्वास असतो, तो उसना घेतलेला असतो. बेंगळुरूत बनलेला ‘मित्रा’ रोबोट कोविडच्या काळात उत्तरेतल्या एका रुग्णालयात रुग्णांना घरच्यांशी व्हिडिओवर बोलायला देत असे. तिथंही माझ्या मते लोकांनी यंत्र जवळ केलं ते पडद्यावर दिसणाऱ्या आपल्या माणसामुळे.

याचा अर्थ रोबोट येण्याआधी तुमच्या मावशी, वॉर्डबॉय आणि केसपेपरच्या खिडकीतल्या ताई तयार झाल्या पाहिजेत. त्यांना जर वाटलं की हा आपली नोकरी खायला आलाय, तर त्या एका शब्दानेही विरोध करणार नाहीत, फक्त रुग्णाने विचारलं की ‘‘त्याला काय कळतंय!’’ एवढंच म्हणतील, आणि काम संपलं. त्यांना त्याच्या मर्यादा सांगा, बंद करायचं बटण दाखवा, तो काय बोलतो हे ठरवताना त्यांना शेजारी बसवा. रुग्ण काय विचारतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत मी हे फार पूर्वीपासून बघत आलोय. मशीनवर काम करणारा कारागीर त्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवत नाही आणि त्याला घाबरतही नाही. आवाज बदलला की त्याला कळतं, कुठल्या मापापुढं मशीन दगा देतं हे त्याला पाठ असतं. तुमच्या कर्मचाऱ्यांचं रोबोटशी असं नातं तयार झालं, तर रुग्णांची निम्मी काळजी मिटली.

बोलण्याच्या बाबतीत तीन-चार गोष्टी फार जपायला हव्यात. माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं वाक्य संपलं की दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुरू करतो. वेगवेगळ्या दहा भाषांच्या अभ्यासात हे अंतर थोड्याफार फरकाने असंच सापडलंय. रोबोट मात्र आवाज दूरच्या सर्व्हरवर पाठवतो, तिथून उत्तर येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात आजोबांना वाटतं याला ऐकू आलं नाही. ते पुन्हा, आणखी मोठ्याने बोलतात. तोवर उत्तर सुरू होतं, दोघं एकदमच बोलत राहतात आणि कुणालाच काही कळत नाही. उपाय साधा आहे. माणसाचं बोलणं थांबताच रोबोटने लगेच ‘हं, बघतो’ म्हणायचं, उत्तर मागून येऊ दे. जपानमध्ये रोबोटच्या तोंडी असे अडखळते उद्गार घालून बघितले, तेव्हा लोकांना थांबणं सुसह्य वाटलं.

त्याला आपली बोली समजली पाहिजे, हे करारातच लिहून घ्या. ‘कुठं जायचं हाय’, ‘नंबर कवा येनार’, ‘आत सोडत्यात काय’ हे त्याला कळलंच पाहिजे. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेली असते. दात नसलेल्या तोंडचे उच्चार वेगळे असतात. शिवाय तुमची ओपीडी म्हणजे पंखे, नाव पुकारणं, रडणारी पोरं. विक्रेता शांत खोलीत प्रमाण मराठीत दाखवतो ती चाचणी इथं काही कामाची नाही. आणखी एक: क्रियापदावरून बाई आहे की बुवा हे ओळखणारी प्रणाली असेल तर ती सुविधा बंद करायला सांगा. आपल्याकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात, आणि यंत्राने त्यांना ‘दादा’ म्हणावं यासारखा अपमान नाही.

रोबोटने स्वतः मात्र साधी, स्वच्छ मराठी बोलावी. त्याला कोल्हापुरी ठसक्यात बोलायला लावायची हौस पुष्कळांना असते. शोरूममध्ये ते खपून जातं. दवाखान्यात दुखणं घेऊन आलेल्या माणसाला ती आपली नक्कल वाटते. सगळ्यांना ‘तुम्ही’, आणि ‘या, बसा’. चेहरा बघून आजी, काकू ठरवायच्या फंदात पडू नये. पन्नाशीच्या बाईला यंत्राने ‘आजी’ म्हटलं की पुढचं त्या ऐकतच नाहीत.

लहान मुलांचं थोडक्यात सांगतो. ओसाकातल्या एका शॉपिंग सेंटरमध्ये मुलं रोबोटला अडवायची, मारायची, असं संशोधकांना दिसलं. शेवटी त्यांनी रोबोटला शिकवलं की मुलं एकटी घेरायला लागली तर मोठ्या माणसांच्या दिशेने निघून जायचं. तुमच्याकडे तर नुकती शस्त्रक्रिया झालेली माणसं वावरतात. त्यांच्या पायात पळणारा रोबोट नको. पहिले काही महिने त्याला दाराजवळ एका जागी उभा करा, फिरवू नका.

चुकल्यावर काय करायचं? ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात थोडं चुकणारा रोबोट बिनचूक रोबोटपेक्षा लोकांना जास्त आवडला. विक्रेते हे आनंदाने सांगतात. पण आवडणं वेगळं आणि भरवसा ठेवण्याजोगा असणं वेगळं. थेंब घातलेल्या माणसाला चुकीच्या मजल्यावर पाठवलं तर त्यात गोड काहीच नाही. चूक झाली की रोबोटने काय चुकलं ते सांगावं आणि लगेच माणसाला बोलवावं: ‘‘मला नीट ऐकू आलं नाही. ताईंना बोलावतो.’’ दोनदा समजलं नाही तर तिसऱ्यांदा विचारायचंच नाही, असा नियम घाला. तिसऱ्यांदा तेच विचारलं की माणूस चूक स्वतःकडे घेतो. ‘मला अडाण्याला बोलता येईना’ असं म्हणत निमूट बाजूला होणारी माणसं मी बघितली आहेत. माझ्या कामात याहून वाईट मला काही वाटत नाही.

पहिल्या पंधरवड्यातली गर्दी बघून काहीही ठरवू नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारे रोबोट २ आठवडे ठेवले होते. सुरुवातीला मुलांची झुंबड, आणि दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचा रस ओसरला. तुमच्याकडेही सेल्फी काढणारे थांबले की मगच खरं चित्र दिसेल. आणि ‘मी तुम्हाला कसा वाटलो?’ हे रोबोटलाच विचारायला लावू नका. स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नॅस आणि बायरन रीव्हज यांनी १९९० च्या दशकातच दाखवलं की साध्या संगणकानेही स्वतःबद्दल मत विचारलं तर लोक त्याचं मन राखून उत्तर देतात. आपली माणसं तर पाहुण्याला तोंडावर वाईट म्हणायची नाहीत. त्याऐवजी मावशींना एक गोष्ट मोजायला सांगा: रोबोटने सांगितल्यावर किती जण पुन्हा खिडकीत येऊन तेच विचारतात. सगळेच येत असतील तर रोबोट बिनकामाचा आहे. कुणीच येत नसेल तर ते माझ्या दृष्टीने जास्त धोक्याचं आहे.

विक्रेत्याला विचारायचे दोन प्रश्न विसरू नका. पहिला, प्रात्यक्षिकाच्या वेळी रोबोटऐवजी कोणी माणूस पडद्यामागून उत्तरं देतंय का? संशोधनात ही पद्धत सर्रास वापरतात, तिथं ती योग्यच आहे. खरेदीच्या वेळी नाही. दुसरा, तुमची कंपनी बंद पडली तर याचं काय? ‘जिबो’ नावाचा घरगुती रोबोट २०१७ मध्ये लोकांच्या घरी पोचला आणि २०१९ मध्ये त्याचे सर्व्हर बंद होणार असं ठरलं. लोकांना त्याने स्वतःच निरोप सांगितला, आणि त्याला घरातला मानणाऱ्यांना ते फार लागलं. रुग्ण या यंत्राला कॅमेऱ्यासमोर आपलं दुखणं सांगणार आहेत, तेव्हा ती माहिती कुठं साठते तेही लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीत मिळण्याची सोय आहे, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. भिंतीवर बारीक अक्षरांत चिकटवलेला कागद तुमच्या रुग्णांना दिसणारही नाही. ते तोंडी सांगावं लागेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन दुखायला लागला, दिसायचं कमी झालं, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्यात तासातासाला महत्त्व असतं, हे तुम्ही मला शिकवावं असं आहे. असा माणूस खिडकीपर्यंत न जाता दारातल्या गोड आवाजाला आपलं दुखणं सांगणार. आजचे बोलके रोबोट ज्या भाषा-प्रणालींवर चालतात त्यांचा कल धीर देण्याकडे असतो. ‘‘काळजी करू नका, थोडा त्रास होतोच,’’ एवढं त्याने म्हटलं की तो बापडा समाधानाने परत गारगोटीच्या एसटीत बसेल. हर्टफर्डशायरमध्ये लोकांनी झाडाला रस घातला. इथं डोळा जाईल.

म्हणून खरेदीआधी मावशींना आणि दोन-चार जुन्या रुग्णांना घेऊन भरल्या ओपीडीत त्याच्यासमोर उभे राहा आणि त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या: ‘‘डोळा लई ठणकालाय.’’ ‘‘रातभर डोळ्याला डोळा न्हाई.’’ ‘‘कालपासनं अंधारी आलीया.’’ ‘‘पानी थांबंना, लालभडक झालाय.’’ दर वेळी त्याने एकच करायला हवं: बोलणं थांबवून घंटा वाजवायची, माणसाला बोलवायचं, आणि तो येईपर्यंत रुग्णाला ‘‘इथंच थांबा, सिस्टर येताहेत’’ एवढंच सांगायचं. यातल्या एकाही वाक्याला त्याने स्वतःहून धीर दिला, तर तो रोबोट घेऊ नका.